अकरा बेचाळीसची स्वीकृती

"सदर उमेदवाराने दिनांक ६ ऑगस्ट २०२० रोजी सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी, योजनेच्या सर्व अटी वाचून व समजून घेऊन, कोणत्याही दबावाविना, स्वतः स्वीकृती नोंदवली आहे."

हे विधान कर्लू एअरवेज या कंपनीचे आहे. ही कंपनी आयर्लंडच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर, हवा बरी असेल तर, दिवसातून दोनदा विमान पाठवते. विधान आटोपशीर आहे, व्याकरणशुद्ध आहे आणि त्यातली तारीख-वेळ वगळता त्यात खरे काहीही नाही.

"सर्व अटी वाचून" हे पहिले घ्या. अटींचा दस्तऐवज एकसष्ट पानांचा. कंपनीच्याच नोंदीप्रमाणे तो उघडला गेला अकरा अडतीसला. म्हणजे चार मिनिटांत एकसष्ट पाने. मी गेली एकतीस वर्षे अठराव्या शतकातल्या सनदा वाचून त्यांतली खरी कोणती आणि बनावट कोणती हे सांगण्याचे काम करते; मला एक पान वाचायला कधी कधी एक आठवडा लागतो आणि त्या आठवड्याचा पगार मला विद्यापीठ कुरकुर न करता देते. "समजून घेऊन" याबद्दल न बोललेले बरे. त्रेचाळिसाव्या पानावरचे कलम मी तीनदा वाचले; तिसऱ्या वाचनानंतर मला पहिल्या वाचनातले जे थोडे कळले होते तेही गेले.

आणि "स्वतः". अकरा बेचाळीसला सदर उमेदवार, म्हणजे माझी भाची निहारिका, काउंटी मीथवर दोन हजार फुटांवर होती. सोबत एक गुरांचा डॉक्टर होता, तो विमान चालवायला शिकत होता. त्या विमानात दोन खुर्च्या, एक होकायंत्र आणि उलटी करण्याची एक पिशवी असते. संगणक नसतो.

तेव्हा ही स्वीकृती बनावट होती हे मी पहिल्या तासातच सिद्ध केले. पुढच्या दहा दिवसांत जे घडले ते या सिद्धतेमुळे घडले, आणि म्हणून ते सविस्तर सांगणे मला भाग आहे.

मुळात काम होते एवढेसे. निहारिका डब्लिनला एम.एस्सी. करायला आली, लिक्सलिपच्या चिप कारखान्यात लागली, पहिल्या दिवसापासून खिडकीतून वर बघत राहिली आणि शेवटी नोकरी सोडून वैमानिकांना शिकवण्याचा परवाना घेऊन मोकळी झाली. तो परवाना हातात पडला जानेवारी २०२० मध्ये. मार्चमध्ये करोनामुळे जगातली विमाने जमिनीवर आली. जूनअखेर नावनच्या अलीकडच्या गवताच्या धावपट्टीवर शिकवणी पुन्हा सुरू झाली, आणि जुलैत कर्लू एअरवेजने जाहीर केले की नव्या प्रशिक्षकांनी आमचे कॅडेट व्हावे. कंपनी सांगेल त्या शाळेत शिकवावे, ठरलेले तास भरावेत, तास भरले की मुलाखतीशिवाय सहवैमानिकांच्या रांगेत क्रमांक. मात्र तेव्हापासून पाच वर्षे दुसरीकडे कुठेही नोकरी करायची नाही.

त्याच आठवड्यात गॉलवेजवळच्या एका छोट्या वैमानिक-शाळेचेही पत्र आले. पूर्णवेळ प्रशिक्षक, सप्टेंबरपासून, उत्तर पंधरा ऑगस्टपर्यंत.

"आत्या, तू फक्त हे साठ पानी प्रकरण वाच आणि मला सांग, जाऊ का नको," निहारिका म्हणाली. "कर्लूची मुदत सेव्हंथ ऑगस्टपर्यंत आहे, तोवर सांगितलंस तरी ग्रँड."

इथल्या बोलीत ग्रँड म्हणजे 'चालेल'. मी म्हटले, "पाने एकसष्ट आहेत."

इथपर्यंत प्रकरण माझ्या आवाक्यात होते. पण लिक्सलिपमधल्या आमच्या घरात कोणताही प्रश्न घराच्या आत राहत नाही. मागच्या भिंतीपलीकडे ब्रीडा राहते. तिने आंबट रूबार्बच्या दांड्या भिंतीवरून देता देता सांगितले की तिच्या बहिणीचा मुलगा दोन हजार आठमध्ये असाच एका कंपनीचा कॅडेट झाला होता. "मग?" मी विचारले. "मग काय, कॅनडात बर्फ काढायची गाडी चालवतो. अगदी आनंदात आहे. पगार ठरलेला, आणि पडला तरी उंची चार फूट." हा सल्ला कॅडेट होण्याच्या बाजूने होता की न होण्याच्या, हे मी आजही सांगू शकत नाही.

डाव्या घरातला राजीव चिप कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर आहे. त्याने फाटकापाशी सहा फुटांचे अंतर राखून लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "बेसिकली आत्या, मी एक्सेलमध्ये टाकलंय सगळं. नाइन्टीन पॅरामीटर्स, प्रत्येकाला वेटेज. कॅडेट झाली तर फिफ्टी पॉइंट थ्री, नाही झाली तर फॉर्टीनाइन पॉइंट सेव्हन. म्हणजे क्लिअर आहे."

"यात तिला काय हवे आहे त्याचा रकाना कुठे आहे?"

राजीवने एकोणीस रकाने वरपासून खालपर्यंत सरकवले. "तो सॉफ्ट पॅरामीटर आहे," तो म्हणाला, आणि घरात गेला. अर्ध्या तासाने त्याचा मेसेज आला: तो रकाना टाकल्यावर उत्तर शून्याने भागले जात होते.

तिला काय हवे आहे हे खरे तर मी विचारले होते. निहारिकाने सिंकपाशी कप विसळत उत्तर दिले होते, आणि ते मी त्रेचाळिसाव्या पानापेक्षा लवकर समजले होते. "आत्या, मला एअरलाइनमध्ये जायचंच आहे गं. पण आत्ता मला शिकवायला जेमतेम येतं. कॅडेट झाले की बाजूला बसलेला माणूस म्हणजे माझा एक तास. तो शिकला काय, नाही शिकला काय, तास भरला. गॉलवेला असं नाहीये. तिथली चीफ म्हणाली, वर्षभर नीट शिकव, मग कुठेही जा, मी स्वतः चिठ्ठी देईन." मग तिने नळ बंद केला. "पण सगळे म्हणतात, रांगेतला नंबर सोडू नये. सोडावा का?"

मी म्हटले, मत लेखी देईन. विद्वत्तेचा हा दोष मला मान्य आहे: तोंडी "सोड" म्हणाले असते तर ही कथा तिथेच संपली असती.

घरातले तिसरे माणूस म्हणजे दादा. माझा थोरला भाऊ आणि निहारिकाचे वडील, बाळासाहेब. वय सत्तर. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आला आणि विमाने बंद झाल्यामुळे आमच्याकडे अडकला. सांगलीकडच्या एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षे तो आस्थापना शाखेत होता: नेमणुका, बदल्या, रजा, सेवापुस्तके. निवृत्तीनंतरही त्याचा हात कोऱ्या रकान्यावर स्थिर राहत नाही. लिक्सलिपच्या दवाखान्यातला नव्या पेशंटचा फॉर्म त्याने असा भरला होता की रिसेप्शनिस्टने विचारले, हे "लागू नाही" म्हणजे ॲलर्जी आहे का. सकाळी निहारिका गेली की तिच्या लॅपटॉपवर तो मराठी बातम्या लावून बसे.

सात तारीख उलटली, माझे लेखी मत अजून मसुद्यातच होते, आणि दहा ऑगस्टला पार्सल आले. आत एक गळ्यात अडकवायची निळी पट्टी, कर्लू पक्ष्याचे चित्र असलेली गडद निळी टोपी आणि पत्र: "स्वागत आहे, कॅडेट निहारिका! टोपी लहान-मोठी झाल्यास कळवावे."

निहारिकाने पत्र दोनदा वाचले. "मी काहीच ॲक्सेप्ट केलेलं नाही."

दादाने टोपी हातात घेतली, आतले अस्तर तपासले आणि डोक्यावर ठेवली. "माप बराबर हाय," तो म्हणाला.

मी कंपनीला पत्र लिहिले. उत्तरादाखल या लेखाच्या आरंभी दिलेले विधान आले. सोबत एक तळटीप होती. स्वीकृती चौदा दिवसांत, म्हणजे वीस ऑगस्टच्या सायंकाळी पाचपर्यंत, केवळ "ती सदोष असल्याचे सिद्ध झाल्यास" रद्द करता येईल. त्यानंतर पाच वर्षे. आणि ती रद्द होईपर्यंत गॉलवेला हो म्हणणे म्हणजे कराराचा भंग.

अशी वाक्ये मी आजवर फक्त मेलेल्या माणसांच्या कागदांत वाचली होती. जिवंत माणसाने माझ्याच भाचीला उद्देशून लिहिलेले हे पहिले. मला राग आला. माझा राग आरडाओरडा करत नाही. तो तळटिपा देतो.

माझा सिद्धांत असा होता की कंपनीच्या यंत्रणेने मुदत संपत आल्यावर आपोआपच स्वीकृती नोंदवली असावी, आणि अंगाशी आल्यावर आता ती उमेदवाराच्या माथी मारली जात होती. अडीचशे वर्षांपूर्वी धन्याच्या शिक्क्यावर कारकुनांनी हेच केले आहे. मी त्यांना त्यांच्या शाईवरून पकडले आहे. मी चौदा पानांचे खंडन लिहिले. तळटिपा सेहेचाळीस.

मसुदा दादाने तपासला. हे मी मुद्दाम नोंदवते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून, हातात लाल पेन घेऊन, त्याने दोन तास माझा मसुदा तपासला.

"सुले, वर विषय न्हाई घातलास. संदर्भ न्हाई. असलं पत्र कुणी वाचत न्हाई."

"दादा, हे संशोधन आहे. अर्ज नाही."

"तेच की. संशोधनाला कोण विचारतंय? अर्जाला आवक नंबर पडतो." त्याने शेवटी आणखी एक ओळ घातली: "प्रत माहितीसाठी", आणि खाली वाहतूक मंत्र्यांपासून पाच जणांची यादी. "बनावट" या शब्दाखाली त्याने लाल रेघ ओढली आणि समासात लिहिले: "कडक वाटतो. 'अनवधानाने' चालेल का?" मला तेव्हा वाटले, दादा म्हातारा होत चालला; त्याचा स्वभाव मऊ पडला.

पुरावा मात्र हवा होता. निहारिका हवेत होती याला साक्षीदार एकच: तो गुरांचा डॉक्टर, कॉल्म. तो ईमेल वापरत नाही. म्हणतो की गाईंना त्याचा उपयोग नाही. त्याची सही घ्यायला धावपट्टीवर जाणे भाग होते. आणि सात तारखेच्या रात्रीपासून आमची काउंटी किल्डेअर बंद झालेली होती: कामाशिवाय काउंटीबाहेर जाण्यास मनाई. लिक्सलिप किल्डेअरमध्ये. धावपट्टी मीथमध्ये. निहारिका कामावर जात होती, ती सुटे. मी नाही.

मी दोन पानी निवेदन तयार केले. प्रवासाचा हेतू, त्याची अपरिहार्यता, पर्यायांचा अभाव. तेरा तारखेला सकाळी गाडी काढली तर दादा मागच्या सीटवर येऊन बसला, डोक्यावर टोपी.

"तू कुठे?"

"साक्ष नोंदवताना दोन पंच लागतात. तू एक, मी एक. आन् टोपी उनासाठी."

आयर्लंडमध्ये उन्हासाठी टोपी घातलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आभाळ राखेच्या रंगाचे होते.

काउंटीच्या हद्दीवर गार्डांनी, म्हणजे इथल्या पोलिसांनी, रस्ता अडवला होता. एक तरुण गार्ड खिडकीशी वाकला आणि त्याने कुठे चाललात विचारले. मी निवेदनाची प्रत काढली आणि पहिला परिच्छेद वाचायला घेतला. "आमच्या प्रवासाचे प्रयोजन तीन भागांत सांगता येईल—"

गार्डची नजर मागे गेली. टोपी. पक्षी. खाली सत्तरीचा गंभीर चेहरा, ज्याने चौतीस वर्षे खिडकीपलीकडच्या माणसाला "उद्या या" असे सांगितले आहे.

"ओह," गार्ड सरळ उभा राहिला. "गुड मॉर्निंग, कॅप्टन. विमानतळावर का?"

दादाने मान हलवली. एवढेच. सेवेत असताना मोठा साहेब आल्यावर जेवढी हलवायची तेवढीच.

"तुम्ही ग्रँड आहात," गार्ड मला म्हणाला आणि दोन पानी निवेदन न वाचताच परत माझ्या मांडीवर ठेवले. "युवर मॅनला, या साहेबांना, उशीर नको."

मी खोटे बोलले नाही. मी फक्त खरे बोलायला उशीर केला, आणि तोवर मागची गाडी हॉर्न देऊ लागली. पण गाडी पुढे गेल्यावर मला जे वाटले ते मी लपवणार नाही. एकतीस वर्षांचा व्यासंग, सात भाषा आणि नीट मांडलेले सत्य एका बाजूला; फुकट आलेली टोपी दुसऱ्या बाजूला; आणि राज्यसंस्थेने टोपीला सलाम केला होता. पुढचे बारा मैल मी ताशी तीस मैलांनी चालवले. दादा मागून गुणगुणत होता.

कॉल्म साठीचा, तांबड्या चेहऱ्याचा, हातांना जंतुनाशकाचा वास असलेला माणूस. विमानाच्या पंखाला टेकून चहा पीत होता; शेजारी निहारिका उड्डाणाची नोंदवही भरत होती. मी वेळ विचारली.

"सहा तारीख, अकरा बेचाळीस?" तो हसायला लागला. "बाई, तो क्षण मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याच क्षणी मी आम्हा दोघांना बॉइन नदीत घालत होतो. नाक खाली, वेग कमी, आणि मी घाबरून चुकीच्या पायाचं पेडल दाबलं. या पोरीचे दोन्ही हात कंट्रोलवर होते. सही करायला तिसरा हात कुठला?"

"ती ओरडली का?" दादाने विचारले. निहारिकाने भाषांतर केले.

"ओरडली? नाही हो. म्हणाली, कॉल्म, आता काय दिसतंय ते मला सांग. त्या नदीत पडत असताना! मी सांगितलं, नदी. ती म्हणाली, छान, आता नदी थोडी खाली सरकवू या." त्याने चहाचा शेवटचा घोट घेतला. "तीस वर्षं मी गाईंना शांत करतोय. मला कुणी शांत केलं ते त्या दिवशी पहिल्यांदा."

दादाने टोपी काढून हातात धरली.

मी कॉल्मला योजना समजावून सांगितली आणि मत विचारले. त्याने विचार केला. "आमच्याकडे बाजारात न्यायच्या आधी वासराच्या कानाला बिल्ला मारतात. नंबर छान असतो, सरकारी असतो. पण बिल्ला मारला म्हणजे गिऱ्हाईक मिळालं असं नाही. बिल्ला फक्त एवढंच सांगतो की ते वासरू आता कुणाचं आहे."

माझ्या चौदा पानांत जे नव्हते ते हे होते. मी ते तळटीप सत्तेचाळीस म्हणून घातले.

खंडन, साक्ष आणि उड्डाणाची नोंद कंपनीकडे गेली. पंधरा तारीख आली, गेली. गॉलवेची मुदत संपली. निहारिका त्या संध्याकाळी भांडी घासत होती, एकच कुकर चारदा घासला. "ग्रँड आहे गं आत्या," ती पाठ न वळवता म्हणाली. "पाच वर्षं म्हणजे काय." आणि मग मला जे नको होते ते म्हणाली: "तू लगेच सांगितलं असतंस तर मी तेव्हाच उत्तर दिलं असतं." रागाने नाही. त्यामुळेच ते लागले.

कंपनीचे उत्तर वीस तारखेला दुपारी एक वाजता आले. तिथला संपर्क अधिकारी फर्गस नावाचा सभ्य माणूस होता. त्याने खंडन पूर्ण वाचले होते, सत्तेचाळिसावी तळटीप त्याला विशेष आवडली होती, आणि उमेदवार हवेत होती हे त्याला मान्य होते. "तथापि," त्याने लिहिले, "स्वीकृती आमच्या यंत्रणेने केलेली नाही. ती तुमच्याच घरच्या इंटरनेटवरून, उमेदवाराच्याच संगणकावरून झाली. 'योजनेत का सामील होऊ इच्छिता' या रकान्यातला मजकूर सोबत जोडला आहे. हे ज्याने केले त्याचे स्वतःचे लेखी निवेदन पाचपर्यंत मिळाल्यास आम्ही स्वीकृती रद्द करू."

मी मजकूर उघडला. इंग्रजीत होता, पण त्या इंग्रजीने इस्त्रीचा पांढरा सदरा घालून खिशाला पेन लावलेले होते. मराठीत त्याचा अर्थ असा: "उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, अधोस्वाक्षरीकार निवेदनाचा हक्क अबाधित ठेवून आज मध्यान्हपूर्व हजर होत आहे. कृपया हजेरीपटावर घ्यावे."

कोणत्याही सनदेचा कर्ता मी तिच्या तिसऱ्या ओळीत ओळखते. इथे मला दुसरी ओळ लागली नाही. बनावट दस्तऐवज करणारा माणूस दहा दिवस माझ्यासमोर बसून, माझ्याच कपातून चहा पीत, लाल पेनाने माझे शुद्धलेखन सुधारत होता. एकतीस वर्षांचा व्यासंग माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलापलीकडे पोचला नव्हता.

दादा मागच्या अंगणात ब्रीडाला रूबार्बचे लोणचे घालायची कृती खुणांनी समजावत होता.

"दादा, स्वीकृती तू केलीस?"

त्याने माझ्याकडे पाहिले, निहारिकाकडे पाहिले, चष्मा पुसला. "लेखी विचार."

"काय?"

"तोंडी विचारल्याला तोंडी उत्तर. त्याला कागदात किंमत न्हाई. नोटीस काढ, मी खुलासा देतो."

"बाबा!" निहारिका किंचाळली. "पाचची डेडलाइन आहे! आर यू सीरियस?"

"म्हणून तर लेखी. तोंडी सांगितलं तर तो तुझा फर्गस मानंल काय?"

दादा कायद्याने बरोबर होता. मी माझ्या सख्ख्या भावाला कारणे दाखवा नोटीस काढली. त्याने सात कामाचे दिवस मागितले. मी चाळीस मिनिटे दिली. नोटिशीवर तारीख नाही म्हणून ती त्याने एकदा परत केली. मग तो टेबलाशी बसला, समासासाठी कागदाला घडी घातली, आणि लिहिताना त्याचा हात एकदाच थांबला. त्या वेळी निहारिका त्याच्यासाठी चहा ठेवत होती.

मी उभ्या उभ्या भाषांतर केले. चार वाजून छत्तीस मिनिटांनी पाठवले. चार एकावन्नला फर्गसचे उत्तर आले: स्वीकृती रद्द, टोपी ठेवून घ्यावी. निहारिका भाषांतराच्या शेवटच्या परिच्छेदाशी पोचली तेव्हा ती जमिनीवर बसली होती, लॅपटॉप मांडीवर, आणि हसत होती की रडत होती हे ब्रीडाला भिंतीपलीकडूनही कळेना.

नव्या प्रशिक्षकाने विमान कंपनीच्या योजनेत जावे की नाही, यावर माझे लेखी मत अजून कोणी मागायला आलेले नाही. मागितल्यास मी कॉल्मचा बिल्ला आणि खालचा कागद एवढेच देईन. आरोपीचा खुलासा, अक्षरशः, असा:

"विषय: कु. निहारिका हिच्या नावे नोंदविलेल्या स्वीकृतीबाबत. संदर्भ: आपली आजची नोटीस.

महोदया, वरील विषयास अनुसरून खुलासा करण्यात येतो की, दि. ६ ऑगस्ट रोजी सदर स्वीकृती मीच नोंदविली. अटींपैकी पहिले व शेवटचे पान वाचले. आदेशाचे तेवढेच वाचायचे असते. आजपूर्वी मला याबाबत कोणीही लेखी अथवा तोंडी विचारणा केलेली नाही, म्हणून सांगितले नाही. हे कारण अपुरे आहे, हे मान्य.

सन १९७४ मध्ये मला कायम नेमणुकीचा आदेश आला असता, 'घरी विचारून उद्या सांगतो' असे मी म्हणालो. उद्या गेलो तेव्हा त्या खुर्चीवर दुसरा हजर झालेला होता. पुढील नऊ वर्षे मी रोजंदारीवर काढली. तेव्हापासून माझी कार्यपद्धती अशी की आधी हजर व्हायचे, विचार नंतर करायचा. चौतीस वर्षांत शेकडो लोकांना मी हेच सांगितले व त्यांचे भले झाले. मुलीच्या बाबतीत तिला न विचारता हे केले, ही चूक माझी एकट्याची आहे. ती नदीवर असताना कशी बोलते हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत मला माहीत नव्हते. माहीत असते तर मी लॅपटॉपला हात लावला नसता.

तसेच नमूद करण्यात येते की, गॉलवे येथील शाळेच्या पत्रासही त्याच दिवशी, अकरा वाजून तीस मिनिटांनी, म्हणजे आधी, 'हजर होत आहे' असे कळविलेले आहे. त्यांचे मान्यतेचे पत्र सात तारखेस आले असून ते संगणकात 'निहारिका सेवापुस्तक' या कप्प्यात दाखल आहे. पोरगी दोन्हीकडे हजर होती. कुठे राहायचे आणि कुठून रजा टाकायची, ते तिने ठरवावे, एवढाच माझा हेतू होता. कळावे."